थोरल्या नातवाची गाडी

घराण्यातल्या थोरल्या नातवाने गवत कापायचं यंत्र मांडीवर घेऊन, धाकट्या चुलतभावाच्या गाडीत मागच्या सीटवर अंग चोरून बसावं आणि अशा थाटात पूर्वजांच्या समाध्यांपाशी उतरावं, ही गोष्ट मेंग ह्योन-सिकला अकरा वर्षं खुपत होती. चुसोकचा, म्हणजे पितरांना पुजायचा कोरियन सण तोंडावर आला की एका रविवारी मेंग घराण्यातले सगळे पुरुष मुंग्योंगच्या डोंगरात जमत, आजोबा-पणजोबांच्या समाध्यांवर माजलेलं गवत कापत, तांदळाची दारू वाहत, तिथेच जेवत आणि संध्याकाळी कंबर धरून परत येत. पहिला पेला वाहायचा मान थोरल्या नातवाचा, म्हणजे ह्योन-सिकचा. पण हा मानकरी गाडीतून उतरायचा सगळ्यांत शेवटी, कारण आधी यंत्र उतरवावं लागे. गेल्या वर्षी तर चौऱ्याऐंशी वर्षांच्या धाकट्या काकांनी, जे निवृत्त हेडमास्तर होते आणि अजूनही सगळ्या जगाला हजेरीपटावरच मोजत, सर्वांसमक्ष विचारलं, "थोरला आला का? की अजून सामानातच आहे?" सगळे हसले. ह्योन-सिकही हसला. चौपन्न वर्षांचं वय आणि पाणीपुरवठा खात्यातली हेडक्लार्की गाठीशी असलेला माणूस अशा वेळी दुसरं काय करणार?

म्हणून या जुलैत त्याने गाडी घेतली. सोळा वर्षांची, डिझेलवर चालणारी, उंच, चंदेरी रंगाची. विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं की ही एका शिक्षिकाबाईंची गाडी, बाई फक्त बाजारहाटाला वापरायच्या. मीटरवर दोन लाख अडतीस हजार किलोमीटर दिसत होते. बाईंचा बाजार बहुधा परदेशात भरत असावा. पण ह्योन-सिकने मीटर पाहिलाच नाही. त्याने पाहिलं ते एवढंच, की ड्रायव्हरशेजारची सीट रुंद आहे आणि धाकटे काका तिच्यावर ऐसपैस मावतील. लोकांच्या पाण्याचे मीटर तपासण्यात ज्याची हयात गेली, त्याने स्वतःच्या गाडीचा मीटर न बघता सही ठोकली.

"अहो, एका दिवसासाठी भाड्याने नसती का मिळाली?" त्याची बायको जोंग-रान म्हणाली.

"भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट वेगळी असते."

"पूर्वज काय नंबरप्लेट बघायला बसलेत?"

"पूर्वज नाही बघत. ग्यू-वान बघतो."

ग्यू-वान म्हणजे तो चुलतभाऊ. त्याची गाडी काळी, नवी आणि इतकी शांत होती की चालू आहे की बंद, हे तिच्या मालकालाच विचारावं लागे. तो ते आनंदाने सांगे.

गाडी आली म्हटल्यावर सासूबाई आल्या. त्या वाफवलेल्या तांदळाच्या लाल वड्यांची परात, तांदळाच्या दारूच्या दोन बाटल्या, उकडलेलं डुकराचं मुंडकं आणि पांढऱ्या दोऱ्याच्या लडीत गुंडाळलेला एक सुका मासा, एवढं सगळं बसमधून घेऊन आल्या. नव्या गाडीची पूजा केल्याशिवाय ती रस्त्यावर आणणं त्यांना मान्य नव्हतं. "सासूबाई, गाडी नवी नाहीये," ह्योन-सिक म्हणाला. "मग तर जास्तच गरज आहे, जावईबापू," त्या म्हणाल्या.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये चटई अंथरली गेली. ह्योन-सिकने गाडीला दोनदा साष्टांग नमस्कार घातला. शेजारपाजारचे जमले, त्यांनीही वाकून डुकराच्या तोंडात नोटा खोचल्या आणि वड्या खाल्ल्या. चारही चाकांवर दारू ओतून झाली तेवढ्यात इमारतीतल्या भोंग्यांतून घोषणा घुमली, "पार्किंगमध्ये डुकराचं मुंडकं ठेवणाऱ्या रहिवाशांनी ते ताबडतोब उचलावं. ही आपल्या सर्वांची जागा आहे. कार्यालयाला दोन तक्रारी आल्या आहेत." बाराशे घरांत एकाच वेळी ही घोषणा गेली. ह्योन-सिकच्या नावाचा उल्लेख झाला नाही ही मेहरबानी, पण बारा मजल्यांच्या बाल्कन्यांतून लोक खाली बघू लागले तेव्हा मुंडक्याशेजारी सुटाबुटात तो एकटाच उभा होता.

आता गाडीची राखण करायला मासा कुठे ठेवायचा हा प्रश्न उरला. घराण्याघराण्यात पद्धत वेगळी. कुणी डिकीत ठेवतात, कुणी सीटखाली. सासूबाईंचं म्हणणं, डिकीत राहून मासा काय राखणार, टायरचा जॅक? त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, इंजिनाकडे एकवार करड्या नजरेने पाहिलं आणि दोऱ्यासकट मासा एका खाचेत स्वतःच्या हातांनी नीट बसवला. "आता हा तोंड उघडं ठेवून जागा राहील," त्या म्हणाल्या.

मासा खरंच तीन दिवस जागा राहिला. चौथ्या दिवशी ऑफिसला जाताना बॉनेटमधून आधी एक किंकाळी आली, मग भाजलेल्या माशाचा वास आला. वास खमंग होता, हे इथे प्रामाणिकपणे नमूद केलं पाहिजे. शेजारच्या रांगेतल्या एका टॅक्सीवाल्याने काच खाली करून विचारलंसुद्धा, "साहेब, डबा गरम करताय का?" त्यानंतर धूर आला आणि गाडी चौकात उभी राहिली.

हाम शेठचं गॅरेज चौकापासून जवळच होतं. त्यांनी बॉनेट उघडलं. दोऱ्याची लड फॅनच्या पट्ट्यात गुंतली होती, पट्टा तुटून पाण्याचा पंप बंद पडला होता, आणि पंपाच्या अंगावर काळवंडलेला मासा तोंड उघडं ठेवून पडला होता.

"हा मी काढणार नाही," हाम शेठ मागे सरत म्हणाले.

"का?"

"पूजेचा मासा आहे साहेब. इंजिन मी उघडेन. मासा तुम्ही काढा."

तेव्हा पाणीपुरवठा खात्याच्या हेडक्लार्कने भर गॅरेजात बाही सरसावून मासा काढला, त्याला नमस्कार केला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत ठेवला. त्या दिवशी ऑफिसात सगळे त्याच्यापासून दोन हात लांब बसून होते.

आता नुसता पट्टा आणि पंप बदलून भागलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण हाम शेठ हा सज्जन माणूस होता, आणि सज्जन मेकॅनिकइतका महाग दुसरा कुणी नाही. लबाड मेकॅनिक एकदाच लुबाडतो. सज्जन माणूस तुम्हाला हात धरून इंजिनापाशी नेतो, टॉर्च मारून दाखवतो आणि हळहळतो. "आता उघडलंच आहे तर बघा," ते म्हणाले, आणि रेडिएटर गळताना दाखवला. रेडिएटर काढला. "आता उघडलंच आहे तर हे पाइप बघा." पाइप काढले. पंप बंद असताना इंजिन तापलं होतं, त्यामुळे हेड गॅस्केट जळाल्याचा संशय होता, आणि संशय फिटवायला इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवावं लागणार होतं. "आता उघडलंच आहे तर…" असं हाम शेठ म्हणू लागले की ह्योन-सिकचा हात आपोआप पाकिटाकडे जाऊ लागला. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला गाठून, तिला हात दाखवून पुढे निघून गेला.

यातच सोकदादा होते. सोकदादा म्हणजे खालच्या मजल्यावरचे निवृत्त बस ड्रायव्हर. ते रोज फिरायला म्हणून गॅरेजपर्यंत येत आणि एक लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला लावून त्याची मूठ कानाशी धरत.

"काय ऐकू येतंय, दादा?" ह्योन-सिकने विचारलं.

"दमलंय."

"म्हणजे काय करायचं?"

"मी बत्तीस वर्षं बस चालवली मेंग साहेब, एकदाही गॅरेजचं तोंड बघितलं नाही. ते आमचं खातं बघायचं." आणि मग त्यांनी तेल बदलायचा सल्ला दिला. हाम शेठनी सांगितलेल्या तेलापेक्षा वेगळं तेल.

नेमक्या या दिवसांत घराण्याच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये ग्यू-वानने एक प्रस्ताव टाकला. गवत कापून देणाऱ्या कंपन्या आता झाल्या आहेत, पैसे पाठवले की ते कापतात आणि आधीचा-नंतरचा फोटो पाठवतात, रस्त्यावर सहा-सहा तास अडकण्यापेक्षा सगळ्यांनी घरीच राहावं, काकांचंही वय झालं. पाठोपाठ सहा जणांनी अंगठे टाकले. ह्योन-सिकने हे वाचलं तेव्हा तो गॅरेजमध्ये उभा होता आणि त्याच्या गाडीचं हेड समोरच्या बाकावर उताणं पडलं होतं. कुणीही शहाण्या माणसाने इथे सातवा अंगठा टाकून सुटका करून घेतली असती. पण ह्योन-सिकच्या डोळ्यांपुढे ती रुंद सीट आली. न जाताच वर्ष गेलं तर गाडी घेतली कशाला, मासा काढला कशाला? त्याने तिथल्या तिथे टाइप केलं, "पूर्वजांच्या समाधीला भाडोत्री हात लागणं मला पटत नाही. थोरला नातू या नात्याने मी स्वतःच्या गाडीने जाणार आहे. काकांनाही मीच घेऊन येईन."

थोरला नातू असं बोलल्यावर घरी कोण राहणार? सहा अंगठे एकेक करून पुसले गेले. शेवटी धाकट्या काकांचा निरोप आला, "ठीक. सकाळी सहा. मी सूट घालेन."

ह्योन-सिकने वर मान केली. "शेठ, ही चालेल ना?"

"चालेल की," हाम शेठ म्हणाले. मग विचार करून म्हणाले, "कुठपर्यंत न्यायची?"

हा प्रश्न घरी ऐकल्यावर जोंग-रानने मात्र सरळ सांगितलं, की मोडीत काढा. जुन्या डिझेल गाड्या मोडीत काढल्या तर सरकार अनुदान देतं, त्यातून दुसरी बरी गाडी घ्या. ह्योन-सिकला हे पटलं. सरकारी खात्यावर त्याचा आतून विश्वास होता. रजा टाकून तो त्या कार्यालयात गेला. खिडकीपलीकडे एक तरुण मुलगी होती. तिने कागद तपासले, सगळे बरोबर होते, हेडक्लार्कने भरलेले होते.

"गाडी तपासणीला घेऊन या. स्वतःच्या चाकांवर चालत यायला हवी."

"अहो, ती चालत नाही म्हणूनच मोडीत काढतोय."

"चालत नसेल तर अनुदान मिळत नाही, साहेब. चालती गाडीच घेतो आम्ही."

"चालत असती तर मी मोडीत कशाला काढली असती?"

मुलगी न रागावता म्हणाली, "बंद गाडी धूर सोडत नाही. जी धूरच सोडत नाही, ती बंद करायला सरकार पैसे का देईल?"

ह्योन-सिकने मनातल्या मनात हे तीनदा घोळवून पाहिलं. कुठेही फट नव्हती. असं माणूस आपल्या खात्यात असतं तर, असं वाटून त्याने तिला वाकून नमस्कार केला आणि तो बाहेर पडला. म्हणजे आता गाडी ठेवायची तरी दुरुस्त करायची, आणि टाकायची तरी दुरुस्त करायची. तो सरळ गॅरेजात गेला आणि हाम शेठना म्हणाला, "करा. जे उघडलं असेल ते सगळं करा."

रविवारी पहाटे गाडी चालू झाली. आवाजही बरा होता. सोकदादा खाली निरोप द्यायला उभे होते. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर लावून ऐकलं आणि म्हणाले, "चढावर काटा वर गेला तर हीटर पूर्ण सोडा. इंजिनाची गरमी आत ओढून घ्यायची. बसमध्ये आम्ही तेच करायचो."

"सप्टेंबरात हीटर?"

"प्रवासी ओरडायचे. पण पोचायचे."

धाकटे काका फाटकाशी काळ्या सुटात, हॅट घालून, हजेरीला उभं राहावं तसे उभे होते. ते त्या रुंद सीटवर बसले, पट्टा लावला आणि "हं" म्हणाले. ह्योन-सिकला त्या "हं"ने धन्य वाटलं. अकरा वर्षांचा सल एका अक्षरात गेला असं त्याला खरोखर वाटलं, आणि पहिला तासभर त्याच्याइतका सुखी माणूस त्या हमरस्त्यावर नव्हता. हमरस्त्यावर माणसं मात्र पुष्कळ होती, कारण आख्खा देश गवत कापायला निघाला होता.

डोंगर लागला तसा काटा चढू लागला. ह्योन-सिकने गुपचूप हीटर सोडला. काच उघडायची सोय नव्हती, काकांना वाऱ्याने हॅट हललेली खपत नसे. पाच मिनिटांत गाडीत वड्या वाफवता आल्या असत्या. ह्योन-सिकच्या मानेवरून घाम पाठीत उतरत होता.

"ह्योन-सिक," काका म्हणाले.

"हो, काका." आता बसतात बोलणी, असं त्याच्या मनात आलं.

"माझ्या गुडघ्यांसाठी लावलास हा?"

खोटं बोलायला क्षणभर जड गेलं, पण फार जड नाही. "हो, काका."

"ग्यू-वान गार हवा सोडतो. दर वर्षी दोन दिवस गुडघे आखडतात माझे. कुणी विचारत नाही." काकांनी हॅट काढून मांडीवर ठेवली. त्यांना हॅट काढलेलं ह्योन-सिकने आजवर फक्त समाधीपुढे पाहिलं होतं.

खिंडीच्या पायथ्याशी, समाध्या आठ किलोमीटर उरल्या असताना, बॉनेटखालून फुस्स असा आवाज झाला, समोर सगळं पांढरं झालं आणि गाडी थांबली. ती थांबण्यात घाई नव्हती, तक्रार नव्हती. हाम शेठनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिने आपण होऊन दिलं. ह्योन-सिक स्टिअरिंगला धरून बसून राहिला. आपण सहा भावांना घरातून बाहेर काढलं, म्हाताऱ्या माणसाला डोंगरात आणून टाकलं, आणि आता ग्यू-वान मागून येईल, काच खाली करेल आणि "दादा, बसा मागे" म्हणेल. त्याला रडू यायचं बाकी होतं.

विम्याच्या नंबरला फोन केल्यावर बांग नावाचा टोइंगवाला आपला पाठीवर गाडी वाहणारा ट्रक घेऊन आला. गाडी वर चढवून झाली.

"जवळच्या गॅरेजला नेतो," बांग म्हणाला. "विम्यात तेवढंच बसतं. आजोबा, तुमच्यासाठी टॅक्सी बोलवा."

"बंद गाडी पडली आहे, मी नाही," काका म्हणाले. "मला आधी वर नेऊन सोड. गाडीला नंतर कुठे जायचं तिथे जाऊ दे."

"आजोबा, नियम…"

"आडनाव बांग म्हणालास? कुठला? खालच्या वाडीतला? बापाचं नाव काय?" बापाचं नाव निघालं. बाप काकांच्या शाळेत होता आणि दोनदा नापास झालेला होता. पुढे नियमाचा विषय निघाला नाही.

काकांना केबिनमध्ये चढवायला दोघे लागले. पण एकदा बसल्यावर त्यांनी खिडकीचा दांडा धरला आणि ते बाहेर बघतच राहिले. ट्रक चढू लागला तशी खालची खाचरं उलगडत गेली. "ती बघ शाळा! निळा पत्रा. पत्रा बदलला यांनी. आणि ती वाट दिसली का, पाइनच्या कडेने? तुझा बाप आणि मी त्या वाटेने यायचो. वड्यांची परात त्याच्या डोक्यावर, बाटली माझ्याकडे. तो म्हणायचा, तू सांडशील, तर मी म्हणायचो, तूच खाशील. आणि खायचाच तो." काका हसले. ह्योन-सिकच्या वडिलांना जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, आणि या एकोणीस वर्षांत काकांनी त्यांचं नाव पेला वाहतानाखेरीज घेतलं नव्हतं. "खालच्या गाडीतून यातलं काही दिसत नाही रे. पुढच्याच्या गाडीचं बूड दिसतं फक्त." ह्योन-सिकने काकांचं कोपर धरून ठेवलं, वळणावर आधार म्हणून.

खिंडीतला रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा. मागून ग्यू-वानची काळी गाडी येऊन चिकटली, तिच्यामागे बाकीच्या भावांच्या तीन. ट्रक पायी चालल्यासारखा चालला होता. फोन वाजला.

"दादा, तुमचीच गाडी आहे ना ती वर? ट्रक जरा बाजूला घ्यायला सांगा, आम्ही पुढे होतो."

काकांनी फोन हातातून घेतला. "थोरल्याच्या पुढे कोण जातंय?" त्यांनी विचारलं आणि फोन ठेवून दिला. मग समाध्यांपर्यंत सगळं मेंग घराणं थोरल्या नातवाच्या मागे, वयाच्या क्रमाने नसलं तरी एका ओळीत, कुणीही हॉर्न न वाजवता आलं.

गवत कापून झालं. पहिला पेला ह्योन-सिकने वाहिला. जेवताना ग्यू-वान म्हणाला, "दादा, एवढा खर्च केलात आणि शेवटी बंदच पडली की हो!"

"बंद पडली म्हणून तर उंचावरून बघत आलो," काका वडी चावत म्हणाले, आणि तो विषय घराण्यापुरता मिटला.

मंगळवारी ऑफिसात काकांचा फोन आला. "पुढच्या वर्षी मी असेन-नसेन, सांगता येत नाही."

"असं नका बोलू, काका."

"मधे बोलू नकोस. असलो तर मला त्या ट्रकमधूनच जायचंय. शाळा पुन्हा बघायचीय. वाट बघायचीय. पायथ्यापासून वर, तसंच."

"काका, तो ट्रक असा नुसता मागवता येत नाही. त्याला गाडी बंद पडावी लागते."

"मग पडू दे. हेडक्लार्क आहेस ना? व्यवस्था कर," काका म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

संध्याकाळी ह्योन-सिक गॅरेजात गेला; गाडी डोंगरातून ओढून आणून तिथेच ठेवलेली होती. हाम शेठ हळहळत टॉर्च घेऊन तयारच होते. या खेपेस त्यांनी कागदावर सगळं लिहून ठेवलं होतं, दोन्ही बाजूंनी. "साहेब, एवढं बदललं ना, की बघायला नको. डोळे मिटून थेट समुद्राकाठी बुसानपर्यंत न्या. माझा शब्द."

ह्योन-सिकने कागद वाचला, आणि घडी घालून परत दिला.

"बुसान नको," तो म्हणाला. "खिंडीच्या पायथ्यापर्यंत पोचेल एवढीच करा. त्याच्या पुढे एक मीटर जरी गेली, तरी पैसे मिळणार नाहीत."